बाई शांत नव्हत्या

‘‘चमचा कुठंय? कोणत्या चमच्यानं पाजलं? दाखवा.’’

बाईंच्या ओपीडीत पाऊल टाकलेल्या प्रत्येक आईबापानं हा प्रश्न ऐकलेला आहे. लेकराला काय होतंय, कधीपासून होतंय, हे सगळं नंतर. आधी चमचा. पुढे पुढे लोक खरोखरच चमचे घेऊन येऊ लागले. पदरात गुंडाळलेले, पिशवीच्या तळाशी टाकलेले, सदऱ्याच्या खिशात खोचलेले. कुणाचा पोह्याचा, कुणाचा साखरेच्या डब्यातला. एका आजोबांनी तर वरणाची पळी आणली होती. बाई तो चमचा हातात घ्यायच्या, सिरिंजनं त्यात पाणी भरायच्या, किती मावलं ते त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि मग त्यांचा आवाज चढायचा.

‘‘अंदाजानं भाजीत मीठ घाला. लेकराच्या पोटात दम्याचं औषध अंदाजानं घालायचं नाही. कळलं?’’

‘‘व्हय म्याडम.’’

‘‘काय कळलं?’’

इथे माणूस फसायचा. तो माझ्याकडे बघायचा. मी भिंतीकडे बघायचे. बाई तो चमचा टेबलाखालच्या बादलीत टाकायच्या आणि औषधाबरोबरचं खुणांचं टोपण त्याच्या हातात द्यायच्या. बादली भरली की मी चमचे धुऊन ठेवायचे, कारण लोक दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईला काय उत्तर द्यायचं म्हणून ते परत मागायला यायचे.

वसमतच्या पुढे, एसटीनं थोडं गेलं की आमचं बाजाराचं गाव लागतं. तुम्ही त्या बाजूचे असाल तर तुम्हीही बाईंना ओळखलं असेल, आणि बहुधा त्यांची बोलणीही खाल्ली असतील. नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव त्यांना ‘लेकरांच्या म्याडम’ म्हणायचं, आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की ‘कडक बाई’. मी त्यांच्या दवाखान्यात सिस्टर होते. माझं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकाठचं. लग्न होऊन या गावात आले, नर्सिंगचं शिक्षण हाताशी होतं म्हणून त्यांच्या दारात उभी राहिले आणि त्यांनी गाव सोडलं तोपर्यंत तिथेच राहिले.

दिसायला काही विशेष नव्हत्या. बुटक्या, काटकुळ्या, केसांचा घट्ट बुचडा, पायात शाळेतल्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. तपासणीच्या खोलीतून तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. टपरीवाला म्हणायचा, ‘‘आज कुन्या बापाची पूजा चालू हाय?’’

त्यांना एवढा राग का येतो, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. बाई हात धूत होत्या. नळ बंद न करताच म्हणाल्या, ‘‘सिस्टर, समोर लेकरू आहे आणि त्याला श्वास घेता येत नाही. आणखी कोणतं कारण पाहिजे?’’

आमच्याकडे होळीच्या पुढेमागे हळद निघते. शिजवायची, अंगणात वाळवायची, मग मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवायची. ढोल फिरला की पिवळी भुकटी उडते. पत्र्यांवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, आणि दम्याच्या लेकरांच्या छातीत जाते. त्या दिवसांत आमच्या बाकांवर जागा नसायची. खांदे वर ओढून, फासळ्या आत खेचत बसलेली लेकरं, आणि शेजारी त्यांच्या आया. शाळेच्या भिंतीला लागून एकानं ढोल बसवला तेव्हा बाई ओपीडी सोडून तिथे गेल्या. मी मागे धावले.

ढोलाचा मालक हात जोडून म्हणाला, ‘‘म्याडम, हळद तर औषधी असती.’’

‘‘औषधी ना? मग तू नाक लाव त्या ढोलाला आणि ओढ. मी इथे उभी राहून बघते.’’

ढोल हलला. शाळेपासून दूर गेला. लोक मात्र मालकाच्या बाजूनं हळहळले, की बाईमाणसानं भर रस्त्यात असं बोलायला नको होतं.

पंपाचंही तसंच. तोंडानं ओढायचा पंप दम्यावर सगळ्यात चांगला, हे सांगून बाईंचा घसा सुकला. औषध थेट छातीत जातं, थोडंच लागतं, बाकी अंगाला त्रास कमी. पण आमच्याकडे पंप म्हटलं की आया दचकायच्या. पोरीला पंप दिला म्हणजे गावाला कळलं, तिला दमा आहे, मग तिचं लग्न कसं व्हायचं?

‘‘पंपाची सवय लागती म्हणून राहिलेत सगळे,’’ एक बाप म्हणाला.

‘‘तुला श्वासाची सवय लागलीय ना? ती सोडून दाखव.’’

तो उठून गेला आणि औषधाच्या दुकानातून सिरपची बाटली घेऊन घरी गेला. बाईंना ते कळलंच. दुसऱ्या दिवशी त्या पंप घेऊन त्याच्या दारात उभ्या होत्या.

आता एक गोष्ट सांगते, ती बाहेरच्यांना खरी वाटत नाही. बाई लेकरांवर कधी चिडल्या नाहीत. एकदाही नाही. श्वासाचा जोर मोजायची एक नळी असते. तिच्यात जोरानं फुंकलं की काटा वर जातो. शहरातल्या डॉक्टरांना वाटतं, लेकराला सांगावं की वाढदिवसाची मेणबत्ती विझव. आमच्या लेकरांनी कुठे केकवरच्या मेणबत्त्या विझवल्यात? बाई जमिनीवर उकिडव्या बसायच्या, नळी फुंकणीसारखी धरायच्या आणि म्हणायच्या, ‘‘चूल विझायलीय बघ. आजीची भाकर कच्ची राहील. फुंक!’’ लेकरू जीव खाऊन फुंकायचं. काटा वर गेला की बाई टाळ्या वाजवायच्या. नाही गेला की म्हणायच्या, ‘‘लाकूडच ओलं आहे, तुझा काय दोष!’’ आणि उभ्या राहताना बापाकडे असं बघायच्या, की लाकूड ओलं असण्याचा दोष त्याचाच आहे.

अशा बाईंकडे एक दिवस कंपनीचे साहेब आले. बरोबर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातले एक डॉक्टर होते, बाईंच्याच कॉलेजातले, त्यांना सीनियर. दम्याचं पोटातून घ्यायचं एक औषध होतं. लेकरांना ते किती द्यावं, कमी, मधलं की जास्त, कोणत्या मापात श्वास मोकळा होतो आणि त्रास होत नाही, हे तपासायचं होतं. बऱ्याच गावांतून लेकरं घेणार होते. आमचा दवाखाना त्यातला एक.

बाई आधी नाहीच म्हणाल्या. ‘‘पंप असताना सिरप कशाला तपासता?’’

सीनियर डॉक्टर म्हणाले, ‘‘तुझ्या गावात किती लेकरं पंप ओढतात?’’

नंतर बाई मला म्हणाल्या, ‘‘सिस्टर, घराघरात हेच चाललंय. पळीनं पाजतात. निदान किती पाजायचं ते तरी नीट कळू दे.’’ त्यांनी होकार दिला, तो अटी घालून. प्रत्येक लेकराचं वजन इथे, आमच्यासमोर होणार. दम वाढला तर पंप आणि यंत्रातून औषधाची वाफ ताबडतोब मिळणार, मग तुमचा नियम काही म्हणो. आणि आईबापांना सगळं बाई स्वतः सांगणार, इथल्या भाषेत.

मी ते सांगणं ऐकलंय. दार लावून, पंखा बंद करून, एकही शब्द सुटू नये म्हणून. ‘‘हे उपचार नाहीत. तपासणं आहे. तुमच्या लेकराच्या अंगावर तपासणार. लोक याला प्रयोग म्हणतात, मीही म्हणते. नको असेल तर नको म्हणा. मी रागावणार नाही. लेकराला मी नेहमीसारखीच बघीन.’’

एक शेतकरी सही करायला खाली वाकला आणि मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, ‘‘न्हाई म्हणलं तर बाई चिडतेल, म्हणून व्हय म्हणलो बघा.’’ मी ते बाईंना सांगितलं. बाईंनी त्याला हाताला धरून दारापर्यंत नेलं. ‘‘तू घरी जा. भीतीचा होकार मला नको.’’ आणि हे सांगताना त्या इतक्या चिडलेल्या होत्या, की तो बिचारा आणखीनच घाबरला.

औषधाच्या बाटल्या आल्या त्यांवर लाल, हिरवी किंवा निळी चिठ्ठी. कोणत्या रंगात कमी आणि कोणत्या रंगात जास्त, हे ना आम्हाला ठाऊक, ना आईबापांना. ते फक्त शहरात ठाऊक. कोणत्या लेकराला कोणता रंग, तेही तिकडूनच ठरून यायचं.

नसीमला लाल आला. आमच्या गावात बांगड्या विकणारं मनियारांचं एक कुटुंब आहे, जुनं. बाप आठवडी बाजार करायचा, नरसीच्या बाजूच्या गावांतही जायचा. आई हमीदाबी घरी बांगड्या भरायची; गावातल्या सगळ्या जातींच्या सुनांचे हात तिच्या हातांतून गेलेले. नसीम ही त्यांची मधली. तिसरी-चौथीत असेल. दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, कारण उरलेला, जोडी न जुळणारा माल तिच्याच हातात जायचा.

ती बाकावर बसली होती. मी वजनाचा काटा सरळ करत होते. बाई दुसऱ्या लेकराची छाती ऐकत होत्या. एकदम त्यांनी कानांतून नळ्या काढल्या.

‘‘बांगड्या कोण वाजवतंय?’’

नसीम म्हणाली, ‘‘मी न्हाई म्याडम. मी तं गप बसली.’’

ती खरोखर गप्प बसली होती. हात मांडीवर. आणि बांगड्या वाजत होत्या. बारीक, न थांबता. बाई तिच्यापुढे खाली बसल्या, तिच्या हातांखाली आपले तळवे धरले आणि तसंच धरून राहिल्या. मग छातीला नळी लावली. श्वास छान मोकळा होता. शिट्टी नाही, घरघर नाही. काळीज मात्र पळत होतं.

हमीदाबी म्हणाली, ‘‘सांस तो अच्छी है म्याडम, झूट नै बोलती. मगर सोती नै. सुई में धागा डालने बोली तो रोने लगी.’’

बाईंनी तिथल्या तिथे नसीमचं औषध बंद केलं आणि दिवसभर लाल चिठ्ठीच्या एकेका लेकराला बोलावून घेतलं. कुणाचा पेला सांडत होता. कुणाची पेन्सिल शाळेत हातातून गळत होती आणि मास्तर मारत होते. एक आजी म्हणाली, ‘‘आमचं लेकरू घाबरल्यावाणी करून राहिलं. भूतबाधा तर न्हाई ना बाई?’’ सगळ्यांचं काळीज तसंच पळत होतं. आणि नळीतला काटा? हिरव्या चिठ्ठीची लेकरं जेवढी फुंकत होती तेवढंच ही फुंकत होती. श्वासाला काही जास्त मिळालेलं नव्हतं. थरथर तेवढी जास्त मिळाली होती.

बाईंनी फोन लावला. कंपनीचे साहेब दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर झाले. फिकट निळा शर्ट, बोलणं अगदी मऊ. मी चहा ठेवून बाहेर निघाले होते, बाई म्हणाल्या, ‘‘सिस्टर, थांबा. तुम्ही पण ऐका.’’

साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, थोडा कंप येणं अपेक्षितच आहे. किरकोळ आहे. आपण तो किरकोळ म्हणूनच कळवू या. तुम्ही औषध बंद केलं, ते मात्र नियमात बसत नाही.’’

‘‘किरकोळ?’’

‘‘म्हणजे जिवाला धोका नाही.’’

‘‘तुमचा हात करा पुढे.’’

साहेबांनी हसून हात पुढे केला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि गदागदा हलवायला सुरुवात केली. चहाचा कप पडला. साहेब हात सोडवू लागले, पण ती काटकुळी बाई सोडेना. ‘‘जिवाला धोका नाही ना? मग असंच राहा. असंच जेवा. असंच लिहा. असंच झोपा. किरकोळ आहे!’’

मी त्यांना मागे ओढलं. आजही तो प्रसंग आठवला की हसू येतं आणि हसता हसता दात खाल्ले जातात. बाईंनी त्याच दिवशी, ज्या समितीनं या तपासणीला परवानगी दिली होती तिला कळवलं. लाल चिठ्ठीच्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरून चिकटपट्टी लावली. कंपनीनं आमच्या दवाखान्यातलं काम बंद केलं. कारण दिलं, डॉक्टरांनी नियम मोडले. दुसऱ्या गावांत मात्र ते चालूच राहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

गावात एक पुढारी होता. त्याचं औषधाचं दुकानही होतं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पाहिजे ते सिरप तिथे मिळायचं. बाईंनी त्याला याबद्दल भर बाजारात झापलेलं होतं. त्याला कुठून तरी कळलं की बाईंच्या दवाखान्यात कंपनीची गाडी आली होती, काहीतरी बंद पडलं, लेकरांचे हात थरथरत होते. बस. मोबाइलवर मेसेज फिरू लागले. आमच्या आळीत मेसेज आला, आपल्या लेकरांवर प्रयोग होतायत. मनियारांच्या मोहल्ल्यात मेसेज गेला, मुसलमानांच्या लेकरांवर प्रयोग होतायत. दोन्हीकडे एकच फोटो: बाईंच्या दवाखान्याचं दार. गावाची एरवी कशावर एकी होत नाही, ती बाईंविरुद्ध झाली.

बाजाराच्या दिवशी गर्दी जमली. पायरीपासून टपरीपर्यंत माणसं. मी खिडकीतून चेहरे बघत होते. ज्या बापाचं निळं पडलेलं लेकरू बाईंनी वाफ देऊन, रात्रंदिवस उशाशी बसून वाचवलं होतं, तो पुढच्या रांगेत. शाळेजवळचा ढोल हलवल्यामुळे ज्यांची पोरं वर्गात खोकायची थांबली, ते मास्तर हाताची घडी घालून कडेला.

मी दार लावायला गेले. बाईंनी माझा हात बाजूला केला आणि पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढारी म्हणाला, ‘‘म्याडम, आमाला जास्त बोलायचं न्हाई. तुमी लेकरांवर प्रयोग केला का न्हाई, एवढंच सांगा.’’

मला वाटलं, त्या सांगतील की मीच तो बंद पाडला. तेवढं सांगितलं असतं तरी निम्मी गर्दी पांगली असती. बाई म्हणाल्या, ‘‘केला.’’

पुढारी गर्दीकडे वळला, पण बाई थांबल्या नाहीत.

‘‘केला. विचारून केला. एकेका आईबापाला समोर बसवून, प्रयोग हाच शब्द वापरून सांगितलं. वजन केलं, मोजून पाजलं, दर खेपेला छाती ऐकली. हात थरथरले तेव्हा थांबवला. आता तुमचं सांगा. तुम्ही घरी रोज प्रयोग करता. या माणसाच्या दुकानातून बाटली आणता आणि हाताला लागेल त्या चमच्यानं पाजता. वजन नाही, माप नाही. एका चमच्यानं नाही भागलं तर दुसरा. त्याला लेकरानं होकार दिला होता का? तुमच्या दारात कुणी गर्दी केली का?’’

हे खरं होतं, आणि गर्दीला खरं चालत नाही. मागून दगड आला. खिडकीची काच फुटली. आरडाओरडा सुरू झाला. आणि त्या गोंधळात एका बाईचा आवाज उठला. हमीदाबी. डोक्यावरची ओढणी सावरत, माणसांना कोपरांनी ढकलत ती पुढे यायला बघत होती.

‘‘अरे, मेरी बच्ची थी वो! मेरेकू पूछो! इस बाई ने हाथ पकडा उसका! मेरेकू पूछो ना रे कोई!’’

जिच्या लेकराच्या नावानं गाव पेटलं होतं, तिला कुणी विचारलं नाही. कुणीतरी तिला बाजूला ओढलं, वर म्हणालं, ‘‘तुमे चूप बैठो आपा, तुमको नै समजता.’’ तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली होती. त्याला याच बाजारात माल विकायचा होता.

पोलीस आले, गर्दी गेली. बाई आत आल्या, त्या थेट केरसुणीकडे. ‘‘आधी काचा उचला सिस्टर. लेकरं अनवाणी येतात.’’ दोघी जमिनीवर बसून काचा वेचत होतो. मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. मधूनच म्हणाल्या, ‘‘मूर्ख,’’ आणि थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘मूर्ख.’’ कुणाला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर बाक रिकामे पडले. बाई मात्र वेळेवर यायच्या, बूट घालून बसायच्या. मग हळदीचे दिवस आले, आणि लोक यायला लागले. मागच्या दारानं. बोळातून, लेकरू पदराखाली झाकून. बाई मागचं दार उघडायच्या, आधी लेकराला वाफ लावायच्या, श्वास मोकळा झाला की आईबापाला बोळात उभं करायच्या. ‘‘आता वळसा घाला आणि पुढच्या दारानं आत या. चोरी केलीय का तुम्ही? की मी केलीय?’’ काहीजण ओशाळून वळसा घालून यायचे. काहीजण लेकरू उचलून निघून जायचे. नसीम मात्र पहिल्यापासून पुढूनच यायची, आईचं बोट धरून, खिशात पंप. आता ती कॉलेजात जाते. पंप लपवत नाही.

मध्ये एकदा शहरातल्या त्या सीनियर डॉक्टरांचा फोन आला. बोलणं झालं आणि बाईंनी मला सांगितलं. सगळ्या गावांमधून लाल चिठ्ठी बंद केली होती. तेच माप सगळ्यात जास्त होतं. सगळीकडे लेकरांना तेच झालं होतं.

मला आनंद झाला. ‘‘बाई, तुम्ही बराबर होता!’’ मी म्हटलं.

त्या माझ्यावर ओरडल्या. माझ्यावर, पहिल्यांदाच. ‘‘कशाचा आनंद झालाय तुम्हाला? मी कळवलं त्या दिवसापासून आजपर्यंत तिकडची लेकरं थरथरतच होती ना? त्यांच्या बांगड्या कुणी ऐकल्या?’’

मग त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी जागेच्या मालकानं दवाखाना रिकामा करायला सांगितलं. गावात दुसरं कुणी जागा देईना. बाई परभणीला बहिणीकडे गेल्या, तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात बसू लागल्या. निरोपाला मी, टपरीवाला आणि हमीदाबी. मी दुसऱ्या एका दवाखान्यात कामाला लागले. अधूनमधून बाईंचा फोन यायचा. ‘‘वजनं करतात ना तिकडे?’’ एवढंच विचारायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुपारची ओपीडी संपवून खुर्चीत टेकल्या होत्या, म्हणे. बहिणीनं मला कळवलं आणि मी मूर्खासारखं ते गावात चार जणांना सांगितलं.

गावानं शोकसभा घेतली! सभागृहात, फोटोला हार घालून, माइक लावून. फोटो कुठून मिळवला कोण जाणे. त्यात बाई हसत होत्या. अध्यक्षस्थानी तोच पुढारी. आता तो मोठा झालाय, त्याला वरून फोन येतात. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘अत्यंत शांत, सोज्वळ, मितभाषी असं व्यक्तिमत्त्व आपल्यातून निघून गेलं. त्यांनी कधी कुणाला वाकडा शब्द बोलला नाही.’’

लोक माना हलवत होते. तुम्हाला सांगते, दगड आला तेव्हा मला एवढा संताप आला नव्हता. दगडानं काच फोडली. हा माणूस बाईच पुसून टाकत होता. ती चढलेल्या आवाजाची, साहेबाचं मनगट हलवणारी, लोकांच्या दारात जाऊन भांडणारी बाई गेली, आणि तिच्या जागी कुणी एक गोड, गप्प बाई हारात बसवली. गप्प बाईवर गावाचा राग नसतो. जिच्यावर राग होता ती बाई अशी सहजासहजी क्षमा करण्यातली नव्हती, म्हणून तिला बदलूनच टाकलं.

‘‘आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या.’’

सगळे उभे राहिले. पंख्याचा तेवढा आवाज. मीही उभी राहिले, मुठी आवळून.

मागच्या रांगेत एक लेकरू खोकलं. पुन्हा खोकलं. तो साधा खोकला नव्हता. खोकल्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजते ना, तो. आम्हाला ती गर्दीतूनही ऐकू येते. दोन-चार जणांनी मागे वळून डोळे वटारले. त्या लेकराची आई कोवळी पोर होती, बिचारी शरमली. तिनं पदराचा बोळा केला आणि लेकराच्या तोंडावर दाबून धरला. आवाज होऊ नये म्हणून. श्रद्धांजली मोडू नये म्हणून. पदराआड लेकराचे खांदे वर-खाली होत होते.

‘‘हात काढ आधी त्याच्या तोंडावरचा!’’

सगळं सभागृह दचकलं. मी स्वतःही दचकले. पुढाऱ्यानं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी खुर्च्या सारत, माणसं ढकलत मागे गेले. लेकरू उचललं, सरळ धरलं, छातीला कान लावला. भरलेली होती.

‘‘कधीपासून धाप लागलीय याला?’’

‘‘सकाळपासून,’’ ती पोर पुटपुटली.

‘‘मग इथं काहून उभी राहिलीस? चल दवाखान्यात!’’

‘‘हळू बोला ओ सिस्टर, दोन मिनिटं व्हायचीत अजून,’’ कुणीतरी मागून म्हणालं.

लेकरू कडेवर घेऊन मी दार ढकललं. माझा आवाज चढलेला होता. मी तो खाली आणला नाही.